पहिल्या टप्प्यात फक्त आवाज

४ ऑगस्ट, सोमवार

घसा पार बसलाय. गरम पाणी, मीठ, परत गरम पाणी. उद्या सकाळी पुन्हा बोलायचंय.

तसं पाहिलं तर साधी गोष्ट. नदी त्यांच्या देशातून आमच्याकडे येते. धरण त्यांचं, पाणी मोजायची यंत्रं त्यांची. पूर मात्र आमच्या वाट्याला. आता दोन्ही सरकारांनी मिळून सोय करायची ठरवलीय. वर पाणी वाढलं की आकडा आपोआप खाली यावा आणि नदीकाठच्या प्रत्येक फोनवर सूचना जावी. सॉफ्टवेअर तिसऱ्याच कुठल्या लांबच्या देशानं फुकट दिलंय. यंत्रं आहेत, फोन आहेत. अडलंय ते बोलण्यांपाशी. दोन्ही भाषा नीट येणारी माणसं या गावात दोनच. त्यातले गुरुजी अंथरुणाला खिळलेत, म्हणून मी दुभाषी.

खरं तर सकाळी आधी त्यांनी भाषांतराचं यंत्र लावून पाहिलं. वरच्या देशाच्या भाषेत धरणाचा दरवाजा आणि घराचा दरवाजा एकच शब्द आहे. पडद्यावर उमटलं — 'अतिवृष्टी झाल्यास पाहुण्यांसाठी दारे उघडण्यात येतील.' दोन्ही देश पोट धरून हसले. दिवसभरात तेवढंच काय ते एकमत!

मग मला आत बोलावलं. गुप्ततेच्या कागदावर सही घेतली — खोलीत ऐकलेलं खोलीतच राहील. आमच्या बाजूचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणजे पाइप. एका टोकानं येईल ते दुसऱ्या टोकानं जाऊ द्या. मध्ये काही साठवू नका."

बरं.

५ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी ताईकडे गेले. तिची शिलाईची खोली नदीकडच्या शेवटच्या गल्लीत, तळमजल्याला. पुढे मशीन, मागे संसार. भावोजी बटणं लावत बसले होते. दोघंही जन्मापासून बहिरे. ताईला 'कर्णबधिर' म्हटलेलं आवडत नाही. म्हणते, तेवढा मोठा शब्द बोटांनी काढेपर्यंत चहा गार होतो.

आज चाचणीचा फोन आला होता म्हणे, काठावरच्या सगळ्यांना. तिनं मला फोन दाखवला. "थरथरला. उचलला. नंबर दिसला. मग बंद. काय होतं ते?"

मी हातांनी सांगितलं — रेकॉर्ड केलेला आवाज होता. पूर येणार असेल तर असाच येईल.

ती बघतच राहिली. मग तिचे हात भराभर चालले. "म्हणजे माझ्याकडे पाणी न सांगता येणार?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. ती म्हणाली, "तू तिथं बसतेस ना? सांग त्यांना. लेखी मेसेज पाठवा, चित्र पाठवा. फार अवघड आहे का?"

अवघड नाही. पण मी तिथं बोलायला नसते. बोललेलं पोचवायला असते. हे तिला समजावता समजावता माझेच हात अडखळले.

६ ऑगस्ट, बुधवार

चहाच्या सुट्टीत धीर करून साहेबांना गाठलं. माझी बहीण न म्हणता 'काठावर काही ऐकू न येणारी कुटुंबं आहेत' असं म्हटलं. ते वाईट माणूस नाहीत. नीट ऐकून घेतलं, मान हलवली. "आहे ना लक्षात! पहिल्या टप्प्यात फक्त आवाज. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांना सामावून घ्यायचंच आहे. मसुद्यात तसं वाक्यसुद्धा आहे. तुम्हीच तर काल भाषांतर केलंत."

केलं होतं खरं. छान वाक्य आहे. 'कोणीही मागे राहणार नाही.'

म्हणजे ताई पहिल्या टप्प्यात बुडणार आणि दुसऱ्या टप्प्यात तिला मेसेज येणार.

जिन्यात ताईशी व्हिडिओवर बोलत होते. शेजारून वरच्यांचे पाणीमापन इंजिनिअर गेले. चष्मा सारखा नाकावरून घसरतो, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना चष्मेवाले म्हणते. थांबले. विचारलं, कोण? म्हटलं, बहीण. कुठे राहते? म्हटलं, अगदी काठावर. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि निघून गेले. उगाच सांगितलं का? आपलं घरचं तिथं न्यायचं नव्हतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज सबंध सकाळ 'सामायिक' हा शब्द घ्यायचा की 'परस्परांस उपलब्ध' यावर गेली. डोकं दुखतंय. निजते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अक्षर बघ कसं आलंय.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी हॉलमध्ये मागे बसून कागद लावत होते. वरच्यांची माणसं आत आली, मागे मी आहे हे न बघताच. त्यांच्या प्रमुखबाई फोनवर होत्या. फोन ठेवून त्या चष्मेवाल्यांना त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "डोंगरात तुफान झालंय. धरण काठोकाठ. उद्या पहाटे दरवाजे उघडतायत."

चष्मेवाले म्हणाले, "सगळे?"

"सगळे."

"मग खाली कळवायला हवं. परवापर्यंत पाणी इथं असेल. आकडे माझ्याकडे आहेत, आत्ता देतो."

"करारावर सही होईपर्यंत एकही आकडा द्यायचा नाही. तसा आदेश आहे. राजधानीतून राजधानीला पत्र जाईल, नेहमीसारखं."

"नेहमीचं पत्र पोचायला चार-चार दिवस लागतात, बाई."

"मला माहीत आहे." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

मी मान खाली घालून त्याच त्या कागदाची कडा जुळवत होते. वर पाहिलं तर चष्मेवाले माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं, मी ऐकलं. मला कळलं, त्यांना कळलं.

दुपारच्या सत्रात मी काय भाषांतर केलं, देव जाणे.

संध्याकाळी

साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही कुठं ऐकलंत?"

"खोलीत."

"मग ते खोलीतच आहे. मी काही ऐकलं नाही. अधिकृतपणे आलं तर बघू. करार तोंडाशी आलाय. आता कुठं ती माणसं विश्वास ठेवायला लागलीत! इतक्या महिन्यांच्या कामावर पाणी फिरवू नका."

पाणी फिरवू नका — हेच शब्द. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नवरा बेकरीतून आला. सदऱ्याला पीठ, कानातसुद्धा पीठ. माझं तोंड बघून म्हणाला, "काय गं, काय झालं?" म्हटलं, "एक गोष्ट माहीत झालीय, पण सांगता येत नाही." तो हात धुता धुता म्हणाला, "कुणाच्या जिवाचं आहे?" मी मान हलवली. "मग विचारतेस काय मला!"

आकाश स्वच्छ आहे. एक ढग नाही. हेच जास्त भीतीचं.

९ ऑगस्ट, शनिवार

उजाडताच ताईकडे. सांगून टाकलं. सगळं, जसंच्या तसं.

ताईनं एकच विचारलं, "तू स्वतः ऐकलंस?"

"हो."

"झालं तर. आपल्या घरात कान तुझेच."

मला वाटलं होतं सामान बांधायला घेईल. पण तिनं आधी फोन भिंतीला टेकवून उभा केला, त्याच्यासमोर उभी राहिली आणि खुणा करायला लागली. बहिऱ्यांचा त्यांचा एक गट आहे, व्हिडिओ पाठवतात एकमेकांना — कापडं, लग्नं, विनोद, भांडणं. त्यात आमच्या गावचे आहेत, पलीकडच्या काठाचे आहेत, आणि वरच्या देशातलेही आहेत! मला हे माहीतच नव्हतं. म्हटलं, "त्यांच्या खुणा तर वेगळ्या ना?" म्हणाली, "थोड्या. हसतो, पुन्हा करून दाखवतो. जमतं."

इकडे दोन सरकारं आठवडाभर एका शब्दावर बसलीत.

दुपारी वरून एकीचा व्हिडिओ आला. धरणाच्या खालच्या वस्तीत राहते, काचेच्या कारखान्यात काम करते. ताई तिला काचवाली म्हणते. काचवालीनं फोन नदीकडे वळवला होता. पाणी मातकट, उंच, आख्खी झाडं घेऊन चाललेलं. मग तिनं फोन स्वतःकडे फिरवला आणि दोन्ही हातांनी एकच खूण — जा. जा. जा.

मी तो व्हिडिओ साहेबांना पाठवला. पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

मग आम्ही दारोदार. ताई पुढे, भावोजी, त्यांचे चार मित्र, मी मागे बोलायला. ऐकू न येणारी माणसं ऐकू येणाऱ्यांची दारं बडवतायत! काही जण लगेच निघाले. काहींनी वर आकाशाकडे पाहिलं आणि आमच्याकडे पाहून हसले. कोपऱ्यावरचे किराणावाले आजोबा म्हणाले, "मंगळवारी सरकारनं फोन लावून दाखवला ना? पूर असता तर फोन आला असता. ही सोय काय शोभेला केलीय?"

म्हटलं, "आजोबा, फोनवर नका राहू. चला." सुनेनं फारच धरलं तेव्हा कुरकुरत उठले.

गल्लीतली सगळी शाळेत, वरच्या चढावर. ताईची मशीन भावोजींनी आणि नवऱ्यानं उचलून आणली. नवरा म्हणाला, "यापेक्षा भट्टी उचलली असती!"

१० ऑगस्ट, रविवार, दुपार

पाणी आलेलं नाही.

सकाळपासून सगळे नदीकडे बघतायत आणि मग माझ्याकडे. नदी आपली रोजच्यासारखी. मुलं भुकेली, बायका चिडलेल्या. एकजण ताईच्या तोंडावर म्हणाला, "बहिरीचं ऐकून घर सोडलं!" तिला ऐकू गेलं नाही, पण तोंड दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खोटंच सांगितलं — ऊन फार आहे म्हणतोय.

मी चुकीचं ऐकलं असेन का? 'सगळे दरवाजे' की 'काही'? 'उद्या पहाटे'च होतं ना? व्हिडिओ आहे, पण तिथलं पाणी वाटेत पसरून गेलं असेल तर? घरी परतायला लागलेत लोक. आजोबाही गेले — पोती तळाला आहेत म्हणे, फळीवर चढवून येतो.

भावोजी त्यांना आणायला गेलेत.

रविवार, नंतर

आलं. आवाज आधी आला, दुरून ट्रक येतात तसा. गल्ली दिसेनाशी झाली.

भावोजी सापडत नाहीत.

११ ऑगस्ट, सोमवार

भावोजी आहेत. देवा, आहेत. दुकानाच्या पत्र्यावर होते. अंधार पडता पडता होडीवाल्यानं काढलं.

आजोबा नाहीत.

भावोजींनी त्यांचा हात धरला होता. एवढंच त्यांनी ताईला सांगितलं — धरला होता, सुटला. तेव्हापासून हात मांडीवर ठेवून बसलेत. उचलतच नाहीत. ऐकणाऱ्या माणसानं बोलणं सोडलं तर निदान हुंकार येतो. इथं तर काहीच नाही.

सकाळी शाळेत ताईचा फोन थरथरला. तिनं माझ्या हातात दिला. कानाला लावला. छान गोड आवाज — 'आपल्या भागात पाण्याची पातळी वाढण्याची शक्यता आहे. कृपया सुरक्षित स्थळी जावे.' आजूबाजूला एकेक फोन वाजायला लागला. आजोबांच्या सुनेचाही वाजला. तिनं पूर्ण ऐकला. मग हळूच जमिनीवर ठेवला, जसं काही फुटेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांचा फोन. उद्यापासून बोलणी पुन्हा सुरू. शुक्रवारबद्दल अवाक्षर नाही. शेवटी फक्त — "तुम्ही ठीक आहात ना?"

ठीक आहे म्हटलं. सवयीनं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला माझंच खरं वाटणार नाही.

चष्मेवाल्यांची खुर्ची रिकामी होती. पुरात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहून झालं. मग वरच्या प्रमुखबाईंनी कागद काढला. वाचायला लागल्या, मी मागोमाग बोलायला लागले. दुभाष्यानं बोलणाऱ्याचं 'मी' हेच आपलं 'मी' करायचं असतं. तसं शिकवलेलंच आहे.

"आमच्या पथकातल्या एका सदस्यानं परवानगीशिवाय माहिती बाहेर दिली, असं आढळलं आहे. त्यांना परत बोलावलं असून—"

मी थांबले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पुढे." टेबल धरलं. आणि मी म्हणाले, "यापुढचं मी बोलतेय. पाइप नाही, मी." आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या. "माहिती त्यांनी दिली नाही. त्या दिवशी मी या खोलीत होते. मी ऐकलं, मी बाहेर सांगितलं. माझी बहीण काठावर राहते. तिला ऐकू येत नाही."

भाषांतर करायला कुणी नव्हतं. माझं मीच केलं — 'तिला ऐकू येत नाही' दोनदा झालं.

प्रमुखबाईंनी विचारलं, "त्यांना माहीत होतं, तुम्ही ऐकलंत ते?"

"हो."

"चौकशीत त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही." त्यांनी कागद पालथा घातला. बराच वेळ बोटानं त्याच्यावर रेघा ओढत राहिल्या.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी शुक्रवारी त्यांना फोन केला होता, ते मी बोलले नाही. बोलायला हवं होतं? जिभेवर आलं आणि परत गेलं. त्यांना घरी म्हातारे आई-वडील आहेत, मुलगी परीक्षेला बसलीय... आजोबांनाही सून होतीच की.

मला घरी जायला सांगितलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कुणाचा फोन नाही. जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, नोटीस. नवरा म्हणतो, बेकरीत ये, पावाला दोन भाषा लागत नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार

ताईच्या घरातला चिखल काढला. भिंतीवर माझ्या गळ्यापर्यंत ओल. भावोजी दारात बसून होते. ताईनं जाऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, वर उचलले आणि तशीच धरून बसली. मी मागच्या खोलीत जाऊन फावडं घासत राहिले, उगाच.

१८ ऑगस्ट, सोमवार

साहेब स्वतः घरी आले! खुर्चीच्या कडेवर बसले. चहा घेतला नाही.

"सगळं मिटलंय," म्हणाले. दोन्ही सरकारांनी मिळून निवेदन ठरवलंय — धरणाची माहिती शुक्रवारीच आमच्या सरकारला रीतसर दिली गेली होती. म्हणजे कुणी काही फोडलं नाही. मी मोकळी, चष्मेवाले मोकळे. ते परत येतायत. करारावर परवा सह्या, लोकांसमोर. आवाजाबरोबर लेखी मेसेज आणि खुणांचा व्हिडिओ पहिल्याच टप्प्यात. "तुमच्या ताईंचं झालं ना काम? आणि भाषांतराला तुम्हीच हव्यात, दोन्ही बाजूंनी मागणी आहे."

मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. साहेब उठून गेलेसुद्धा.

ताईला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "शुक्रवारी रीतसर कळलं होतं?"

"तसं म्हणायचं ठरलंय."

"मग आजोबांच्या सुनेला मी काय सांगू?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. तिथंच होता, मीच बघत नव्हते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांना कळवलं — भाषांतराला येणार नाही. का, ते विचारलं. म्हटलं, उद्या मला दुसरीकडे काम आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

लोकांच्या खुर्च्यांत बसलो, ताई, आजोबांची सून आणि मी. निवेदन वाचून झालं. ताई उठली. मी तिच्या बाजूला उभी राहून तिचा आवाज झाले — "शुक्रवारी कळलं होतं, तर आमचा फोन सोमवारी का वाजला?"

मंचावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी खाली पाहिलं. प्रमुखबाईंनीही. चष्मेवाले उठले. माईक घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि भाषांतर नको अशी मान हलवून आमच्याच भाषेत, एकेक शब्द शोधत म्हणाले, "आम्ही... नाही... कळवलं."